‘माझा कोड नवशिक्यासारखा दिसतो’

डेटा विश्लेषणाच्या कामात नव्याने आलेल्यांना मी मार्गदर्शन करतो. त्यांच्यापैकी अनेकांची एकच काळजी असते: इतर लोक पायथनच्या पांडाजमध्ये (तक्त्यांवर काम करणाऱ्या लायब्ररीत) आठ-दहा मेथड, म्हणजे तक्त्यावरच्या क्रिया, एका साखळीत जोडून काम उरकतात, मला मात्र प्रत्येक टप्प्यावर थांबून नवा डेटाफ्रेम, म्हणजे नवा तक्ता, करावा लागतो; तेव्हा मला हे जमतच नाही का? काही महिन्यांपूर्वी संख्याशास्त्र शिकून या कामात आलेल्या एक बाई हीच शंका घेऊन आल्या. एका सहकाऱ्याने त्यांच्या कोडला नवशिक्याचा म्हटले होते, आणि तेव्हापासून त्या चालू कोड मोडून त्याच्या साखळ्या करण्यात रात्री घालवत होत्या. (खरे सांगायचे तर त्या साखळ्या मूळ कोडपेक्षा दुर्बोध झाल्या होत्या.)

मी त्यांना मूळ नोटबुक (सेल नावाच्या तुकड्यांत कोड लिहून प्रत्येक तुकडा वेगळा चालवता येणारी फाइल) उघडायला सांगितले. त्यात डीएफ१ पासून डीएफ७ पर्यंत नावे होती, पण कोणत्या तक्त्यात काय आहे, हे एकाही नावावरून कळत नव्हते. ‘‘हे बंद करून पहिल्या सेलपासून पुन्हा चालवा,’’ मी म्हटले. शेवटची बेरीज वेगळी आली. सेल मागेपुढे चालवल्यामुळे एक जुना डीएफ४ मेमरीत राहून गेला होता आणि पुढचे सगळे गणित त्यावर उभे होते. त्या बराच वेळ गप्प बसल्या आणि मग म्हणाल्या, ‘‘म्हणजे मी दिलेला अहवालच चुकला होता का?’’ सहकाऱ्याच्या शेऱ्यापेक्षा ही भीती त्यांना आतून अधिक पोखरत असावी, असे मला तेव्हा वाटले.

साखळीचा खरा उपयोग इथे आहे. संपूर्ण साखळी कंसात घेऊन प्रत्येक मेथड वेगळ्या ओळीवर लिहिली, की ती दर वेळी कच्च्या तक्त्यापासून सुरू होते आणि मधले शिळे तक्ते मागे उरत नाहीत. मात्र मधली स्थिती दिसत नाही, ही त्यांची तक्रारही रास्त होती. त्यावर आम्ही तक्त्यातील ओळींची संख्या आणि रकमेची बेरीज छापून तोच तक्ता जसाच्या तसा परत करणारे एक छोटे फंक्शन लिहिले आणि पाइप या मेथडने ते साखळीत ठिकठिकाणी घातले. लगेच दोन गोष्टी उघड झाल्या. मर्जनंतर, म्हणजे दोन तक्ते जोडल्यावर, ओळी वाढल्या होत्या, कारण जोडलेल्या तक्त्यात काही किल्ल्या (ज्यांवरून ओळी जुळवतात ती मूल्ये) दोनदा होत्या. मर्जच्या व्हॅलिडेट पर्यायात ‘मेनी टू वन’ (जोडलेल्या तक्त्यात प्रत्येक किल्ली एकदाच हवी) दिले असते, तर कोड तिथेच त्रुटी दाखवून थांबला असता. ग्रुपबायनंतर, म्हणजे नोंदींचे गट केल्यावर, रक्कम घटली होती, कारण गटाचा कॉलम रिकामा असलेल्या ओळी ग्रुपबाय आपण न सांगता वगळतो आणि त्या ठेवायच्या असतील, तर ड्रॉपएनए फॉल्स करावे लागते. या दोन्ही चुका त्यांच्या जुन्या, पायरी-पायरीच्या कोडातही होत्याच.

त्यांच्या रात्री केलेल्या साखळ्या मोडत होत्या, त्याचे कारण साधे होते. मूळ तक्त्यातच बदल करण्यासाठी इनप्लेस ट्रू दिले, की बऱ्याच मेथड तक्ता परत न करता नन, म्हणजे ‘काहीच नाही’, परत करतात आणि पुढची कडी हवेत लटकते. त्याहून घातक चूक नवा कॉलम जोडणाऱ्या असाइन या मेथडमध्ये होती. तिथे लॅम्डाऐवजी (साखळीतला त्या क्षणीचा तक्ता घेणाऱ्या छोट्या, बिननावाच्या फंक्शनऐवजी) बाहेरच्या जुन्या डेटाफ्रेमचे नाव लिहिले आणि आधी मर्जमुळे इंडेक्स, म्हणजे ओळींचे क्रमांक, नव्याने पडलेला असला, तर मूल्ये भलत्याच ओळींना चिकटतात आणि त्रुटीही दिसत नाही.

साखळी किती लांब असावी, याचे उत्तर मी आकड्यात देत नाही. मी ती मोठ्याने वाचायला सांगतो: आधी या नोंदी गाळा, मग हा कॉलम काढा, मग गट करा. वाचताना जिथे ‘थांबा, आता हे काय आहे?’ असा प्रश्न पडतो, तिथे साखळी तोडावी आणि तयार झालेल्या तक्त्याला अर्थपूर्ण नाव द्यावे.

पुढच्या भेटीत त्यांनी आणलेल्या कोडात दोन साखळ्या होत्या आणि मध्ये ‘शुद्ध नोंदी’ अशा अर्थाचे एकच नाव होते. सहकाऱ्याने पुन्हा विचारले होते, की हे एकत्र का नाही केले. ‘‘मी सांगितले,’’ त्या म्हणाल्या, ‘‘की मर्जनंतरचा हा तक्ता मला दोन अहवालांत लागतो. त्यांनी मान हलवली आणि व्हॅलिडेट म्हणजे काय, ते विचारले.’’