परसबागेचे पहिले वर्ष: बाटली आणण्याआधी हे वाचा

जूनमध्ये परसात पहिल्यांदाच भाजी लावलेल्यांच्या विचारणा ऑगस्ट उजाडला की सुरू होतात. "दुकानदाराने अमुक औषध दिले आहे, मारू का?" हा त्यातला नेहमीचा प्रश्न. आधीच सांगून टाकतो: मारू नका. लेबलवरचे प्रमाण एकरा-हेक्टराच्या हिशेबाने छापलेले असते आणि तुमचे परस अर्ध्या गुंठ्याचे. शिवाय ही भाजी तुमच्याच चुलीवर शिजणार आहे.

प्रश्न: भेंडीची पाने पिवळी पडली. दुकानदाराने सूक्ष्म अन्नद्रव्याचे पाकीट आणि टॉनिक दिले. किती मारावे?

आधी पान हातात घेऊन बघा. शिरा पिवळ्या आणि मधला भाग हिरवा असेल, तर तो केवडा, म्हणजे विषाणू. पांढरी माशी तो पसरवते आणि त्यावर औषध नाही. झाड उपटा, पुरून टाका. याच्या उलट, कोवळे पान पिवळे आणि शिरा हिरव्या असतील तर लोहाची कमतरता. तिथे पाकिटाचा उपयोग होतो. खालची जुनी पानेच फिकी पडली असतील तर बहुधा वाफ्यात पाणी साचले आहे, चर काढा. काउंटरवर मात्र तिन्ही दुखण्यांना एकच पाकीट मिळते. पुढच्या वेळी परभणी क्रांती ही भेंडीची जात लावा, ती केवड्याला बऱ्यापैकी दाद देत नाही.

प्रश्न: वांग्याला पाला भरपूर, फूल नाही, मावाही आला. युरिया झाडाला मूठभर दिला होता.

तिथेच बिघडले. हेक्टरी 100 किलो नत्र (नायट्रोजन) धरले तर 3 मीटर × 1 मीटरच्या वाफ्याला 30 ग्रॅम नत्र येते, म्हणजे साधारण 65 ग्रॅम युरिया. त्या वाफ्यात वांग्याची सहा-सात झाडे बसतात, म्हणजे झाडामागे 10 ग्रॅम, तेही अख्ख्या हंगामात: निम्मा लागवडीला, उरलेला महिन्याने आणि दीड-दोन महिन्यांनी. एक मूठ भरते 40-50 ग्रॅम. हंगामाच्या चार-पाचपट खत तुम्ही एका दिवसात ओतले. आता युरिया पूर्ण बंद. मावा लागलेले शेंडे खुडा आणि "नत्र जास्त झाले, आता पोटॅश द्या" म्हणणाऱ्याचेही ऐकू नका.

शेणखताचेही प्रमाण आहे. त्याच वाफ्याला 6 किलो पुरे, पण पूर्ण कुजलेले. अर्धवट कुजलेल्या शेणाबरोबर हुमणी (मुळे खाणारी अळी) येते, मग तिच्यासाठी पुन्हा दुकान.

प्रश्न: मिरचीवर बोकड्या (पाने आकसणे) आला. दोन औषधे एकत्र करून दिली आहेत.

एकत्र करून कधीच मारू नका. पाने वरच्या बाजूला वळली असतील तर फुलकिडे, खाली वळून देठ लांबले असतील तर कोळी (जाळे विणणारा नव्हे, रस शोषणारी बारीक कीड). पाने बारीक, चुरगळलेली आणि झाड खुजे राहिले असेल तर विषाणू. ते झाड उपटायचे. कीटकनाशकाने कोळी मरतोच असे नाही, उलट त्याला खाणारे मित्रकीटक मरतात आणि तो वाढतो. अशा वेळी दुकानदार दुसरी बाटली काढतो. लाल किंवा पिवळा त्रिकोण (जास्त विषारी असल्याची खूण) असलेली बाटली परसात नकोच. मोनोक्रोटोफॉसला तर भाजीपाल्यावर 2005 पासून बंदी आहे, तरी ते सुचवणारे भेटतात.

आणखी एक हिशेब. लेबलवर फवारणी आणि तोडणी यांतले अंतर दिलेले असते. भेंडी तुम्ही दिवसाआड तोडता. अंतर पाच दिवसांचे असेल तर मधल्या दोन तोडण्यांचे काय करणार? बहुतेक घरांत त्या खाल्ल्या जातात.

प्रश्न: मग मारायचे काय?

निंबोळी अर्क, 5 टक्के. वाळलेल्या निंबोळ्या 500 ग्रॅम कुटून दोन लिटर पाण्यात रात्रभर भिजत घाला. सकाळी फडक्यातून पिळून गाळा, 20 ग्रॅम साबणाचा चुरा विरघळवून घाला आणि पाणी घालून 10 लिटर करा. चार वाफ्यांना दोन-तीन लिटर पुरतो, त्या मानाने कमी कुटा. फवारणी संध्याकाळीच, पानांच्या खालच्या बाजूने, त्याच दिवशी संपवून. उन्हात त्याचा गुण उडतो, उरलेला ठेवून उपयोग नाही. अर्क किडीला जागीच मारत नाही, तिचे खाणे तोडतो, म्हणून कीड दिसायला लागली की सुरुवात करा, झाड झोडपून निघाल्यावर नको. 8-10 दिवसांनी परत. "दाट केला तर लवकर लागू पडेल" या समजाने कोवळी पाने करपतात.

प्रश्न: दुधीची कोवळी फळे गळतात, कारली आतून सडतात. सापळा लावूनही फरक नाही.

ही दोन दुखणी आहेत. दुधीचे फूल संध्याकाळी उमलते, तेव्हा मधमाशी फिरत नाही आणि पतंग कमी असतील तर परागीभवन होत नाही. नर फूल तोडून मादी फुलाच्या (ज्याखाली छोटा दुधी असतो) मध्यावर घासा, तेही संध्याकाळीच. दोडक्यालाही तेच. कारल्यात फळमाशी आहे. सापळ्यातील गोळी हुंगून पाहू नका, पाकीट वाचा. आंबा-पेरूच्या फळमाशीसाठी मिथाइल युजेनॉल असते, वेलवर्गीय भाज्यांना क्यू ल्युअर लागते. पहिली गोळी दुसरीच्या नावावर खपवली जाते. डंख लागलेली फळे उकिरड्यावर टाकू नका, पिशवीत घट्ट बांधून उन्हात ठेवा.

तोडणीबद्दल: भेंडीचे टोक कट्कन मोडले पाहिजे, वाकले की उशीर झाला. वांग्यावर चकाकी असतानाच काढा. पालक जमिनीपासून दोन बोटे वर कापा, परत फुटतो. जून फळ झाडावर राहिले की पुढची फुले कमी येतात, त्यामुळे नको असले तरी तोडा.

योजना: बचत गटात असाल तर उमेद अभियानाच्या पोषण परसबागेची चौकशी गटाच्या बैठकीत करा. बियाण्यासाठी आधी कृषी विज्ञान केंद्रात विचारा.

प्रश्न: कोथिंबीर उगवत नाही. बियाणे फसवे आहे का?

धने रगडून दोन फाका केल्या का? अख्खे टाकले असतील तर परत पेरा: फाका करून 12 तास भिजवा, ओळीत, बोटाच्या जाडीइतके खोल पेरा. आठ-दहा दिवस लागतात. तोपर्यंत वाफा उकरून बघू नका.