लिनक्सची ईएक्सटी४ फाइल सिस्टीम थेट ब्लॉक लेव्हलला वाचणारी शेअर्ड लायब्ररी लिहितोय, दोन-तीन टूल्स ती वापरतील. एपीआय कसा ठेवू?

पब्लिक हेडरमध्ये ऑफ-टी, म्हणजे फाइलमधली जागा (ऑफसेट) सांगणारा टाइप, टाकू नका. बाकीचं नंतर, आधी हे.

पुण्यात आमच्या टीमकडे अगदी हेच काम होतं. ३२-बिट एआरएम बोर्ड, ३२ जीबीचं एसडी कार्ड, माउंट न करता ते वाचणारी आमची लायब्ररी, आणि तिच्यावर दोन टूल्स, एक रिकव्हरीचं, एक तपासणीचं. रिव्ह्यूमध्ये मी म्हटलं होतं की रीड फंक्शनचा ऑफसेट यूइंट६४-टी, म्हणजे कायम ६४-बिटचा, करा. सीनियर म्हणाले ऑफ-टी पॉसिक्समध्ये, म्हणजे युनिक्सच्या स्टँडर्डमध्ये, आहे, तू कशाला वेगळं डोकं लावतोस. नवा होतो, गप्प बसलो. आता लायब्ररी बिल्ड व्हायची फाइल ऑफसेट बिट्स ६४ चा मॅक्रो देऊन, आणि तपासणी टूलच्या मेकफाइलमध्ये तो मॅक्रोच नाही, म्हणजे इकडे ऑफ-टी ८ बाइटचा, तिकडे ४ चा. सी मध्ये सिंबॉलला, म्हणजे लिंकरला दिसणाऱ्या फंक्शनच्या नावाला, टाइप चिकटलेला नसतो, लिंकरनं चकार शब्द काढला नाही. एआरएमवर ६४-बिट आर्ग्युमेंट सम नंबरच्या रजिस्टरपासून जोडीनं जातं, त्यामुळे टूलनं आर२ मध्ये ठेवलेला बफरचा पत्ता आणि आर३ मधली लांबी मिळून लायब्ररीनं ऑफसेट म्हणून वाचली. ४०९६ बाइट मागितले की ऑफसेट थेट १६ टीबीच्या पुढे! तिथे पीरीड, म्हणजे दिलेल्या ऑफसेटपासून वाचणारा कॉल, एरर पण देत नाही, शून्य बाइट देतं, आणि टूल म्हणतं कार्ड खराब. तीन आठवडे आम्ही कार्डं बदलली, वर मलाच ऐकवलं गेलं की तू कार्ड नीट काढत नाहीस. शेवटी जीडीबी डीबगर लावून रजिस्टर बघितले तेव्हा कळलं. पॉसिक्स फक्त ऑफ-टी असतो एवढं सांगतं, किती रुंद ते नाही, आणि हे मी तेव्हाच बोललो होतो.

तुमचं स्ट्रक्टही हेडरमध्ये उघडं ठेवू नका, नुसता पॉइंटर द्या, नाहीतर एक फील्ड वाढवलं की सगळी टूल्स परत कंपाइल. ईएक्सटी वाचणारी तयार लायब्ररी आहे, लिब-ईएक्सटी२एफएस, तिच्यात बघा, ब्लॉक नंबर ६४-बिट करायची वेळ आली तेव्हा त्यांनी जुनं रीड-ब्लॉक फंक्शन तसंच ठेवून शेजारी ६४ लावलेलं नवं दिलं. लायब्ररीतून एक्झिट किंवा प्रिंटएफ तर अजिबात नको, एरर कोड परत द्या.

खरं तर फक्त ईएक्सटी४ वाचायचं असेल तर तीच लायब्ररी वापरा, फाइल सिस्टीम तपासणारं ईटूएफएसके तिच्यावरच चालतं, स्वतःची लिहू नका. लिहिलीतच तर सुपरब्लॉक (फाइल सिस्टीमची मूळ माहिती) १०२४ व्या बाइटपासून वाचून मॅजिक ईएफ५३ तपासा, आकडे लिटल-एंडियन धरा, आणि इनकॉम्पॅट फ्लॅग्समध्ये (ओळखीची नसतील तर डिस्क वाचूच नये अशी फीचर्स) अनोळखी बिट दिसला की ओपनच नाकारा. माउंट केलेल्या डिस्कवर मात्र यातलं काहीही भरवशाचं नाही, कर्नलनं अजून न लिहिलेलं तुम्हाला दिसणारच नाही, तेव्हा आधी अनमाउंट करा.