राखाडी रंग मानेशी थांबतो का, ते बघा

दोडामार्गला घरामागच्या पांगाऱ्यावर राखाडी डोक्याचे पाच-सहा पोपट आले. या तुईयाच्या (नराचं डोकं लाल-जांभळं असलेल्या पोपटाच्या) माद्या की मलबारी पोपट, असं तुम्ही विचारलंय. घाटाच्या पायथ्याला दोन्ही दिसतात, आणि दोघांनाही पांगाऱ्याचा मध आवडतो. सावंतवाडी-आंबोलीच्या वाटेवर सुरुवातीची काही वर्षं मीही नुसतं डोकं बघायचो आणि चुकायचो.

डोकं सोडा, छाती-पाठ बघा. तुईयाच्या मादीचा राखाडी रंग मानेशी संपतो, तिथं पिवळा कंठ, म्हणजे मानेभोवतीचं कडं, असतो आणि त्याखाली सगळा पक्षी हिरवा. मलबारीचा राखाडी रंग कंठ ओलांडून छातीवर आणि पाठीवर उतरतो, पंख निळे. त्याच्या शास्त्रीय नावातल्या ‘कोलंबॉयडिस’चा अर्थच कबुतरासारखा. मला ही खूण त्या नावानंच पक्की झाली.

मग चोच. तुईयाच्या नर-मादी दोघांचीही वरची चोच पिवळसर. मलबारी नराची लाल, मादीची काळी. नराच्या काळ्या कंठाखाली निळसर-हिरवी झळाळी असते, मादीला ती नसते. उडताना शेपटीचं टोक बघा: मलबारीचं पिवळं, तुईयाचं पांढरं.

‘थव्यात लाल डोक्याचा एकही नर नव्हता, म्हणजे मलबारीच’ हा तुमचा तर्क मात्र सोडा. तुईयाच्या नराचं डोकं लहानपणी हिरवं, मग मादीसारखं राखाडी आणि नंतर कुठे लाल-जांभळं होतं. त्यामुळे राखाडी डोक्यांत तरुण नरही असू शकतात.

तुमच्या फोटोतला पक्षी पाठमोरा आहे, पण पाठ राखाडी आहे आणि वळलेल्या मानेमुळे काळी चोच स्पष्ट दिसते. ही मलबारी मादी आहे. तुईया भारतभर आणि श्रीलंकेतही भेटतो. मलबारी सह्याद्रीच्या रांगेबाहेर जगात कुठंच नाही. तुमच्या परसात ती आली, याचा मला फार आनंद झाला.

शेजारचं वाळलेलं झाड काजूसाठी तोडायचं म्हणालात. हे दोन्ही पोपट ढोलीत घरटं करतात, बरेचदा सुतार किंवा तांबट पक्ष्याच्या जुन्या ढोलीत, आणि मलबारीची वीण जानेवारीपासून सुरू होते. रबर-काजूच्या लागवडीत अशी जुनी झाडंच आधी जातात. कुऱ्हाड लावण्याआधी आठवडाभर सकाळी त्या ढोलीवर नजर ठेवा. जोडी आत-बाहेर करताना दिसली, तर पावसाळ्यापर्यंत झाड राहू द्या.