मसाल्याच्या ब्रँडचं नाव

भावा, ‘कोल्हापुरी कांदा-लसूण मसाला’ हे नाव ट्रेडमार्कला चालायचं नाही. गाव कोल्हापूर, माल मसाला. त्यात तुझं एकट्याचं काय? ‘अस्सल’, ‘स्पेशल’चंही तेच. मसाल्याशी संबंध नसलेला, जिभेवर बसणारा शब्द शोध. पाकिटं छापायच्या आधी ट्रेडमार्क रजिस्ट्रीच्या (नोंदणी करणाऱ्या सरकारी कार्यालयाच्या) साइटवर वर्ग ३० मध्ये, म्हणजे मसाले ज्यात येतात त्या गटात, सर्च मार. स्पेलिंग वेगळं पण उच्चार सारखा, असलं नावही आडवं येतं. छपाईचे सिलिंडर बनल्यावर नाव बदलणं लई झोंबतं.

अर्जाचा फॉर्म टीएम-ए, ऑनलाइन. स्वतःच्या नावावर भरलास तर एका वर्गाला ४,५०० रुपये. अर्ज गेला की नावापुढं ‘टीएम’ (ट्रेडमार्क) लाव. गोलातला ‘आर’ मात्र नोंदणी झाल्यावरच, आधी लावणं गुन्हा आहे. रजिस्ट्रीच्या जर्नलमध्ये तुझं नाव छापून आल्यावर ४ महिने कुणीही हरकत घेऊ शकतो, म्हणून नाव आधीपासून वापरतोस याचा पुरावा म्हणून जुनी बिलं जपून ठेव.