एककावर शून्य आलंच कसं?

प्रश्न : माझी मुलगी सातवीत आहे. तिने वहीत १११११११११ (नऊ वेळा एक) या संख्येचा वर्ग केला. उत्तर आलं १२३४५६७८९८७६५४३२१. मी संगणकावर स्प्रेडशीटमध्ये तोच गुणाकार केला, तर शेवटी ३२१ ऐवजी ३०० आलं. 'पुन्हा कर' म्हटलं, तर ती रुसून बसली आहे. बरोबर कोण?
– एक वडील, सातारा

उत्तर : आधी लेकीची समजूत काढा, तिचंच बरोबर आहे. दोन्ही संख्यांच्या एककावर १ असेल तर गुणाकाराच्या एककावरही १ च येणार. तिथे शून्य दिसल्याबरोबर शंका तुम्हालाच यायला हवी होती! अशा शीटमध्ये पंधरा अंक जपले जातात, पुढच्या जागी शून्यं बसतात. हे उत्तर सतरा अंकी, म्हणून शेवटचे २१ गळाले.

आता ताळा पाहा. १११११११११ च्या अंकांची बेरीज ९, म्हणजे तिला ९ ने भाग जातो आणि तिच्या वर्गाला ८१ ने जायलाच हवा. मुलीच्या उत्तरातल्या अंकांची बेरीज नेमकी ८१ भरते. संगणकाच्या उत्तराची ७८. त्याला तर नवानेही भाग जात नाही.

मी बत्तीस वर्षं गणित शिकवलं आणि हा गुणाकार दरवर्षी फळ्यावर उभा मांडून करायची. नऊ ओळी, प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा एक घर डावीकडे. बाही खडूने पांढरी व्हायची. मग उजवीकडून एकेका रकान्यातले एक मोजायचे : १, २, ३ करत मधल्या रकान्यात ९ आणि तिथून उतरत परत १. नवाच्या वर काहीच जात नाही, त्यामुळे हातचा घ्यावाच लागत नाही. सगळी गंमत तेवढ्यावर उभी आहे.

देवळालीच्या शाळेत शिकवणारे द. रा. कापरेकर (१९०५–१९८६) यांनी अशा संख्यांना डेम्लो हे नाव दिलं. मुंबईजवळच्या त्या नावाच्या रेल्वे स्टेशनवर त्यांना ही कल्पना सुचली होती. स्वतःच्या अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जाणाऱ्या संख्यांना 'हर्षद' हे नावही त्यांचंच. तुमच्या मुलीची संख्या दोन्हींत बसते : तिला ८१ ने भागा, १२३४५६७९ चा वर्ग मिळेल. (यात ८ नाही, छापण्यातली चूक समजू नका.)

आता मुलीला दहा वेळा एक लिहून वर्ग करायला सांगा. माझ्या वर्गात निम्मी मुलं न मांडताच मधे १० लिहून मोकळी व्हायची. खरं उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१. डावीकडचा ८ कुठे गेला, ते तिने शोधावं आणि मला कळवावं. नुसतं उत्तर नको, हातच्यांसकट मांडणी पाठवा.