येणार येणार म्हणतात त्या फोनचं काय करायचं?

या महिन्यात आलेल्या प्रश्नांमध्ये एक शब्द सारखा दिसला, ‘ॲनालिस्ट म्हणतो’. ॲनालिस्ट म्हणजे कंपन्यांचा अभ्यास करून पुढचे अंदाज सांगणारा माणूस. वरूडपासून धारणीपर्यंत, यवतमाळपासून गोंदियापर्यंत लोक कोणत्या ना कोणत्या न आलेल्या फोनसाठी थांबलेत आणि काहींनी तर त्यापायी पैसेही अडकवलेत. म्हणून बॅटरी, वायफाय, स्टोरेज भरणे वगैरे प्रश्न पुढच्या अंकात घेऊ, या वेळी फक्त हाच विषय.

प्रश्न : भाऊ, माह्या फोनची स्क्रीन फुटली, टच अर्धाच चालते. घरच्या सगळ्या वावराची ई-पीक पाहणी (मोबाईलवरून पिकाची सरकारी नोंद) मीच करतो. ॲपलचा स्वस्तातला आयफोन एसई ४ येते, पन्नासच्या आत येते असं ऐकून लय दिवस थांबलो, तर आला तो १६ई नावानं आन साठ हजाराले. आता रीलमध्ये सांगते का घडीचा (फोल्ड होणारा) आयफोन येते, मंग बाकीचे स्वस्त होते. बाबा म्हणतात आंबियाच्या संत्र्याचा सौदा झाला का फोन घेऊन देतो. थांबू का घेऊन टाकू? आन येवढ्या मोठ्या कंपनीतला ॲनालिस्ट खोटं कायले बोलन? — एक वाचक, ता. वरूड

तुझा शेवटचा प्रश्न आधी घेतो कारण सगळा गोंधळ तिथंच आहे. ॲनालिस्ट खोटं बोलतो असं मी म्हणणार नाही, बहुतेक वेळा त्याला जे दिसलं तेच तो सांगतो. पण तो तुझ्यासाठी सांगत नसतो हे लक्षात घे. हा माणूस ब्रोकरेज, म्हणजे शेअरची खरेदी-विक्री करून देणाऱ्या कंपनीत कामाला असतो, त्याचे गिऱ्हाईक म्हणजे शेअर घेणारे फंड, आणि त्यांना जाणून घ्यायचं असतं की अमुक कंपनी पुढच्या वर्षी किती माल विकेल आणि स्क्रीन, कॅमेऱ्याची लेन्स, बिजागरी बनवणाऱ्या कोणत्या कारखान्याला ऑर्डर मिळेल. म्हणून तो तैवान, चीन, कोरियातल्या पार्ट बनवणाऱ्यांकडं चौकशी करत राहतो आणि त्यावरून अंदाज बांधतो.

तुमच्याकडं संत्र्याचा व्यापारी बहार पाहून अख्ख्या बगीच्याचा सौदा करतो ना, तसंच आहे हे. झाडावर फूल दिसतंय हे खरं असतं, पण मधे फळगळ आहे, गारपीट आहे, आणि शेवटी ट्रकमध्ये किती माल भरला जाईल हे फुलावरून कोणी सांगू शकत नाही. फरक एवढाच की व्यापारी इसार देतो, अंदाज चुकला तर त्याचे पैसे जातात, आणि फोनचा अंदाज चुकला तर ॲनालिस्ट पुढच्या महिन्यात नवीन अंदाजाची नोट काढतो आणि थांबलेला माणूस मात्र फुटक्या स्क्रीनवर बोट घासत बसतो. मला याचाच राग येतो.

एसई ४ चंच बघ. मिंग-ची कुओ हा या धंद्यातला सगळ्यात नावाजलेला ॲनालिस्ट, ॲपलच्या बाबतीत त्याचे बरेच अंदाज खरे ठरलेत हेही सांगायला पाहिजे. त्यानं जानेवारी २०२३ मध्ये सांगितलं की एसई ४ रद्द झाला, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये सांगितलं की काम परत सुरू झालं, ६.१ इंची ओएलईडी स्क्रीन असेल, ॲपलचा स्वतःचा मोडेम (फोनला नेटवर्कशी जोडणारी चिप) असेल. फोन आला फेब्रुवारी २०२५ मध्ये. स्क्रीन बरोबर निघाली, मोडेम बरोबर निघाला. पण मधे दोन वर्षं गेली, नाव वेगळं निघालं, आणि भारतात किंमत ५९,९०० रुपये. आधीचा एसई २०२२ मध्ये ४३,९०० ला आला होता, त्यामुळं लोकांनी त्याच्याच आसपासचा आकडा मनात धरला होता. म्हणजे बघ, शेअरवाल्याला जे हवं होतं, मोडेम कोणाचा आणि स्क्रीन कोणती, ते त्याला नीट मिळालं, आणि तुला जे हवं होतं, कधी आणि कितीला, नेमकं तेच चुकलं.

घडीच्या आयफोनचं तर आणखी लांब आहे. याच कुओनं २०२१ मध्ये २०२३ साल सांगितलं होतं, २०२२ मध्ये म्हणाला लवकरात लवकर २०२५. २०२३ आलं आणि गेलं, घडीचा आयफोन काही आला नाही. आता तुझ्या रीलमध्ये तिसरीच तारीख फिरतेय. कधीतरी येईलही, सॅमसंगचा २०१९ मध्येच आलाय, पण त्यासाठी तू का थांबायचं?

आणखी एक गोष्ट, ती रील बनवणारे सांगत नाहीत. मोठी कंपनी एकाच वेळी चार-पाच नमुने बनवून बघते, त्यातले कितीतरी कपाटातच राहतात, पण पार्टची ऑर्डर तर सगळ्याच नमुन्यांसाठी जाते. जानेवारी २०१३ मध्ये ॲपलचे तेव्हाचे प्रमुख टिम कुक यांनी गुंतवणूकदारांशी बोलताना हेच सांगितलं होतं, की एखादी माहिती खरी असली तरी तिच्यावरून अख्ख्या कंपनीच्या धंद्याचा अर्थ लावता येत नाही कारण पुरवठ्याची साखळी फार गुंतागुंतीची आहे. बरं ॲनालिस्ट स्वतः ‘शक्यता’, ‘लवकरात लवकर’ असे शब्द वापरतो, त्याची बातमी होते तेव्हा एक शब्द गळतो, बातमीचा व्हिडिओ होतो तेव्हा दुसरा गळतो, आणि रील तुझ्यापर्यंत येते तेव्हा उरतं फक्त ‘येतोय’.

आता कामाचं. ई-पीक पाहणीला वावरात उभं राहून पिकाचा फोटो काढावा लागतो, लोकेशन लागतं, आणि मुदत काही फोनसाठी थांबत नाही. तेव्हा आधी स्क्रीन बदलायला किती लागतात ते विचार, परवडत असेल तर तेच कर. आयफोनच घ्यायचा असेल तर एक वाट पाहण्यासारखी आहे आणि तिला कोणा ॲनालिस्टची गरज नाही : २०१२ पासून, एक २०२० चं साल सोडलं तर, दरवर्षी मुख्य आयफोन सप्टेंबरमध्येच जाहीर झालेत आणि त्यानंतर आधीचे मॉडेल उतरतात. जून-जुलै असेल तर दोन महिने काढ, नोव्हेंबर असेल तर सरळ घेऊन टाक. साठ हजार फोनमध्ये घालावे की नाही हे तू आणि बाबांनी ठरवायचं, पण हप्त्यावर घेऊ नको एवढं मात्र मनापासून सांगतो.

प्रश्न : माझं मोबाईल शॉपीचं दुकान आहे. नागपूरचा होलसेलवाला म्हणतो नवीन मॉडेलचे कव्हर आताच घे, फोन यायचा आहे पण डिझाईन लीक झालंय, नंतर भेटणार नाही. शंभर पीस घेऊ का? — दिग्रस, जि. यवतमाळ

घेऊ नका. २०११ मध्ये अशीच हवा होती की आयफोन ५ पातळ, एका बाजूनं निमुळता येणार, आणि परदेशातल्या कव्हरवाल्यांनी त्या मापाचा माल बनवला सुद्धा. ४ ऑक्टोबर २०११ ला जाहीर झाला तो आयफोन ४एस, दिसायला जवळपास जुन्या ४ सारखाच. २०२१ मध्ये ॲपल वॉच सिरीज ७ च्या बाबतीत तर एक नाही, कितीतरी नावाजलेले लोक म्हणत होते की कडा सपाट येणार, चित्रं फिरली, नकली घड्याळं तशी बनली, आणि खरं घड्याळ गोल कडांचंच निघालं.

लाँचच्या दोन-तीन आठवडे आधी जे माप फिरतं ते बऱ्याचदा बरोबर असतं हे मी नाकारत नाही, कारण तोवर कारखान्यात माल निघालेला असतो. पण सहा महिने आधीचं माप म्हणजे अंदाजच. आणि भाऊ, दिग्रसमध्ये तो फोन पहिल्या महिन्यात किती जण घेतील? तुमचं गिऱ्हाईक दोन-तीन वर्षं जुना रेडमी, विवो वापरतं, त्याचं कव्हर आणि टेम्पर्ड तुमच्याकडं नसलं तर तो दारव्ह्याला जातो. पैसे तिकडं घाला. होलसेलवाल्याला एकच विचारा, फोन वेगळा निघाला तर माल परत घेणार का, आणि घेणार असेल तर बिलावर लिहून द्या म्हणा.

प्रश्न : मी आश्रमशाळेत शिक्षिका आहे. इथं रेंज नाही, फोन लावायला टेकडीवर जावं लागतं. टेस्लाचा फोन येतोय, टॉवरशिवाय सॅटेलाइटवर चालतो, उन्हावर चार्ज होतो असे व्हिडिओ मुलं दाखवतात. खरं आहे का? — ता. धारणी, मेळघाट

ताई, तुमच्या प्रश्नानं जीव तुटला, कारण ही अफवा जिथं रेंज नाही तिथंच जास्त खरी वाटते.

विजेच्या गाड्या बनवणाऱ्या टेस्लानं असा फोन जाहीर केलेला नाही. २०२१ पासून ‘पाय (Pi) फोन’ नावानं जी चित्रं फिरतात त्यांची सुरुवात एका डिझाईन स्टुडिओनं हौसेनं बनवलेल्या व्हिडिओतून झाली, टेस्लाचा त्याच्याशी संबंध नव्हता. टेस्लाचे प्रमुख इलॉन मस्क यांनी २०२४ मध्ये स्वतः सांगितलं की फोन बनवायची त्यांची इच्छा नाही, अगदीच नाइलाज झाला तर बघू.

उन्हाचा हिशोब मुलांकडून वर्गातच करून घ्या, सातवी-आठवीच्या मुलांना जमेल. भर दुपारी एक चौरस मीटरवर साधारण १००० वॉट ऊन पडतं. फोनची पाठ साधारण ७ सेंमी बाय १५ सेंमी, म्हणजे १०५ चौरस सेंमी, तिच्यावर पडलं जेमतेम १० वॉट. चांगलं सोलर पॅनल त्यातला पाचवा हिस्सा वीज करतं, म्हणजे २ वॉट. साधा चार्जर याच्या पाचपट देतो. आणि आपल्याकडं मे महिन्यात ४५ अंशात फोन दोन तास उन्हात ठेवला तर बॅटरीचं काय होईल ते तुम्हाला माहीत आहे, ॲपल तर ३५ अंशाच्या वर फोन वापरूच नका म्हणतं.

सॅटेलाइटची गोष्ट मात्र निव्वळ हवा नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये कुओनं सांगितलं की आयफोन १३ मध्ये सॅटेलाइट जोडणी येणार, पुढच्या महिन्यात १३ आला, त्यात काहीच नव्हतं. २०२२ मध्ये आयफोन १४ मध्ये आली, ती पण मुख्यतः संकटात मदतीचा मेसेज पाठवण्यासाठी, आणि सुरुवात अमेरिका आणि कॅनडात. वर आकाश मोकळं लागतं, दाट झाडी असली की अडथळा येतो, तेव्हा सागाच्या जंगलात, दरीत ती कशी चालेल तुम्हीच बघा. शिवाय भारतात सॅटेलाइट फोन सरकारी परवानगीशिवाय वापरता येत नाही, बाहेरून कोणी आणून दिला तर घेऊ नका, पोलीस केस होते. मस्क यांच्या सॅटेलाइट इंटरनेट कंपनीची, स्टारलिंकची, अमेरिकेत २०२५ मध्ये टी-मोबाईल या फोन कंपनीसोबत जी सेवा सुरू झाली ती लोकांच्या हातातल्या साध्याच फोनवर, सुरुवातीला मेसेजसाठी, चालू झाली. म्हणजे उद्या आपल्याकडं तसं काही आलंच तरी वेगळा टेस्ला फोन लागेलच असं नाही.

तोवर टॉवरसाठी ग्रामसभेचा ठराव करून तहसील आणि बीएसएनएल दोन्हीकडं लेखी द्या आणि पोच घ्या. व्हिडिओत मुलांना जो फोन दाखवतात त्याच्यापेक्षा तुमच्या गावाला टॉवर मिळणं हा हक्काचा प्रश्न आहे, आणि तो अर्ज कसा लिहायचा याच्यात मदत लागली तर कळवा, या पानावरून नक्की करू.

प्रश्न : डिमॅट (शेअरचं खातं) काढलंय. टेलिग्रामवर बातमी येते की अमुक कंपनीला मोठ्या फोनवाल्याची ऑर्डर भेटणार. शेअर घेऊ का? — हिंगणघाट

वर सांगितलेल्या सॅटेलाइटच्या अफवेच्या वेळी अमेरिकेत ग्लोबलस्टार नावाच्या सॅटेलाइट कंपनीचा शेअर एका दिवसात उसळला होता, आणि फोन आला तेव्हा त्यात ती सोयच नव्हती. वर्षभरानं आली खरी, पण वरच्या भावात घेऊन बसलेल्या माणसाचा जीव तोवर टांगणीला. टेलिव्हिजनचंही तसंच, जीन मन्स्टर हा ॲनालिस्ट २००९ च्या सुमारापासून कितीतरी वर्षं सांगत राहिला की ॲपल स्वतःचा टीव्ही संच काढणार, आणि मे २०१५ मध्ये बातमी आली की कंपनीनं तो विचार केव्हाच सोडलाय.

आपल्याकडं शेअरचा सल्ला देणाऱ्याला सेबीकडं, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेकडं, नोंदणी लागते, २०१३-१४ पासून त्याचे नियम आहेत. टेलिग्रामवाल्याला नोंदणी नंबर मागा आणि तो सेबीच्या साइटवर तपासा. देत नसेल तर ग्रुप सोडा, आणि कापसाच्या चुकाऱ्याचे पैसे तर त्यात अजिबात घालू नका.

प्रश्न : आईसाठी फोन घ्यायचा आहे. जिओचा नवीन टचचा फोन तीन हजारात येते असं ऐकलं. थांबू का? — ता. साकोली, जि. भंडारा

२०२१ मध्ये जिओफोन नेक्स्टच्या वेळी हेच झालं होतं. जूनमध्ये कंपनीनं जाहीर केला, किंमत सांगितली नाही, मग बातम्यांमध्ये ३,४९९ चा आकडा फिरला आणि लोकांनी तो पक्काच धरला. गणेश चतुर्थीला येणार होता तो दिवाळीला आला आणि किंमत निघाली ६,४९९. तो तर जाहीर झालेला फोन होता, तरी किंमत आणि तारीख दोन्ही हलल्या.

आईला काय लागतं ते आधी विचारा. कॉल, बँकेचा मेसेज आणि पैसे पाठवणं एवढंच असेल तर बटणाचा फोन पुरतो, २०२२ पासून यूपीआय १२३पे वर साध्या फोनवरूनही पैसे पाठवता येतात. व्हिडिओ कॉलवर नातवंडं बघायची असतील तर दुकानात आज जो टचचा फोन परवडतो तो घ्या, अक्षरं मोठी करून द्या आणि आवाज फुल ठेवा.