चाकाचा तुटलेला स्टड घरी बदलता येईल का?

प्रश्न : माझ्या जुन्या गाडीच्या मागील चाकाचा एक स्टड (ज्यावर चाकाचा नट बसतो तो बोल्ट) नट सोडवताना तुटला. घरच्या घरी नवा बसवता येईल का?
— एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : येईल, मात्र गाडी केवळ जॅकवर ठेवून हे काम करू नये. सपाट जागी पुढच्या चाकांना ओट (गाडी सरकू नये म्हणून अडसर) लावून गाडी भक्कम स्टँडवर घ्यावी, हँडब्रेक सोडावा आणि ड्रम (ब्रेकचे गोल आवरण) काढावा. स्टड हबमध्ये (चाक ज्यावर बसते त्या मधल्या भागात) दात्यांच्या पकडीने घट्ट बसलेला असतो. तो घणाने ठोकून काढण्याची आपल्याकडची रीत बेअरिंगच्या मुळावर येते, म्हणून दाब देणारे पुलरसारखे साधन वापरावे. काही गाड्यांत हबमागे स्टड बाहेर येण्याइतकी जागाच नसते. तिथे हब उतरवून शिवाजी उद्यमनगर या कोल्हापुरातील औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या कारखान्यात प्रेसवर (दाबयंत्रावर) काम करून घेणे शहाणपणाचे.

नवा स्टड घेताना जुना सोबत न्यावा, कारण १२ मिलिमीटर व्यासाच्या स्टडमध्येही १.२५ आणि १.५ मिलिमीटर असे निरनिराळे पिच (आट्यांमधील अंतर) मिळतात, शिवाय दात्यांचा व्यास आणि लांबीही जुळावी लागते. मागून स्टड घालून, पुढे जाड वॉशर रचून, जुन्या नटने स्टडचे डोके हबला पूर्ण टेकेपर्यंत हळूहळू ओढावे. तो नट पुन्हा चाकाला वापरू नये. शेजारच्या स्टडांवरही जादा ताण आलेला असतो, तेव्हा तेही बदलावेत, असे माझे मत आहे. चाकाचे नट आधी हाताने फिरवून, मग समोरासमोरच्या क्रमाने, गाडीच्या पुस्तिकेतील टॉर्कनुसार (आवळण्याच्या जोरानुसार) आवळावेत आणि साधारण ८० किलोमीटरनंतर पुन्हा तपासावेत.